परबकाकांच्या उरलेल्या गोळ्या

औषधाचा कोर्स अर्धा सोडला तर डॉक्टर रागावतात. पूर्ण केला तर आमचे परबकाका रागवायचे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कोणी अँटिबायोटिक सुरू केलं की तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका दारात हजर. "बरां वाटला मां? मग बंद कर. उरलेली हय दी. फुकट खाऊन काय करतलस?"

या उरलेल्या गोळ्या ते श्रीखंडाच्या डब्यांत रंगाप्रमाणे लावायचे. लाल-काळी घशाला, पिवळी पोटाला, पांढरी 'कशाक पण'. शिक्षण म्हणाल तर जुनी अकरावी. तरी संध्याकाळी त्यांच्या दारात रांग असायची, कारण इथे फी नव्हती आणि वर चहा मिळायचा. मीही नेल्यात गोळ्या, उगाच साळसूदपणा कशाला करू? मुदत संपलेल्या गोळ्या काका संडासात ओतून फ्लश करायचे. त्यांच्या मते त्याने गटारही निरोगी राहायचं.

माझी मुलगी मुग्धा मायक्रोबायोलॉजी शिकते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने प्लंबरकडून सोसायटीचं ड्रेनेजचं चेंबर उघडून घेतलं आणि बाटलीभर पाणी नेलं. आठवड्याने तिने काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या बशीत त्या पाण्यातले जंतू वाढवले होते आणि मधे औषधाच्या चकत्या ठेवल्या होत्या. चकतीभोवतीचे जंतू मरायला हवे होते. हे पठ्ठे चकतीला खेटून मजेत वाढले होते.

"अर्ध्या कोर्समधून तगलेले जंतू आहेत हे, आजोबा. वर तुम्ही गटारातही गोळ्या ओतता. उद्या यांच्यामुळे कोणी आजारी पडलं तर या गोळ्यांचा काही उपयोग नाही."

"म्हणजे ह्यां माझ्यामुळे?"

"तुमच्या एकट्यामुळे नाही हो."

काका जरा हिरमुसले. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसचं श्रेय वाटून घ्यायला कोणाला आवडेल?

पण माणूस सरळ. दुसऱ्याच दिवशी सगळे डबे मुग्धाच्या हवाली केले, कॉलेजमार्फत नीट नष्ट करायला. दारात येणाऱ्यांना सांगू लागले, "डॉक्टराकडे जा. दिल्यान तितके दिवस घे." आठ-दहा दिवसांत रांग संपली. म्हातारा शिष्ट झाला, असं लोक म्हणायला लागले. चहा अजूनही मिळत होता, पण नुसत्या चहासाठी कोण जातो? मीही गेलो नाही. काकांचा मुलगा ठाण्यात, म्हणजे पुढच्याच स्टेशनावर राहतो आणि दर रविवारी न चुकता फोन करतो.

गेल्या आठवड्यात माझा घसा धरला. डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं. वॉचमनकडून कळताच काका तीन जिने चढून आले आणि धापा टाकत सोफ्यावर बसले.

"आजची गोळी घेतलंस?"

"घेतली. आज तिसरा दिवस."

"उद्या येतंय विचारूक. परवा पण येतंय."

मग त्यांनी पाकीट हातात घेऊन उरलेल्या गोळ्यांवरून बोट फिरवलं. मला चेष्टा सुचत होती, पण त्यांचा चेहरा पाहून लाज वाटली.

"सात दिवसांचो नाय दिल्यान?" त्यांनी हळूच विचारलं.