विनातिकीट साखर

आमच्या अवसरीतला दगडूभाऊ लग्नाला जाताना आहेराचं पाकीट विसरेल, पण खिशातलं भिंग विसरणार नाही. पंगतीत सॉसची बाटली दिसली की मागची बारीक अक्षरं वाचून तो खणखणीत आवाजात सांगणार, "साखर हाय, पावणं! नाव बदलून बसलीया!" जन्मभर एसटीत कंडक्टर होता. विनातिकीट माणसं पकडायची खोड आता साखरेवर वळली आहे.

आमची भिंतीला भिंत, वय एकच. त्याचा रक्ताचा रिपोर्ट लख्ख आणि माझ्या लिव्हरवर चरबी! मंचरच्या डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, घेता का?" मी दारूचा थेंब घेतलेला नाही. घेतो ते बाटलीतलं, थंड आणि गोड.

"तेच नडलं," डॉक्टर म्हणाले. "ती साखर लिव्हरमध्ये जाऊन चरबी होते. पुढं हृदयालाही त्रास."

तेव्हापासून बायको रोज ऐकवते, "जरा दगडूभावजींकडं बघा." बघतोच आहे! तो लेण्याद्रीच्या पायऱ्या सपासप चढतो, मी मध्येच बसून माकडं बघतो. हा गडी एकदा तरी चोरून पेढा खाताना सापडावा, एवढंच देवाकडं मागणं होतं.

गेल्या महिन्यात देव पावला. मंचरच्या दुकानात दगडूभाऊ आंब्याच्या थंड पेयाची बाटली घाईघाईनं पिशवीत घालताना दिसला. मी त्याच्या पाठोपाठ थेट घरात शिरलो.

"सापडला का नाही, दगडूभाऊ!"

बाटली न उघडलेलीच टेबलावर होती. बाजूला वाढलेलं पान, आणि समोर त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोटो.

"आज हिला जाऊन तीन वर्षं झाली, मास्तर," तो म्हणाला. "हिला ही लई आवडायची. ड्युटीवरून येताना रोज आणायचो. आंब्याचा रस, तब्येतीला चांगलाच असणार म्हनलं. मागं काय लिवलंय, कधी वाचलंच न्हाई. शुगर वाढली, हार्टला भोवली." त्यानं बाटली जरा पुढं सरकवली, पुन्हा मागं घेतली. "आता हिच्या पानाजवळ ठेवावी का नको, कळंना."

मी समोरच्या खुर्चीत टेकलो.

"वहिनी तुमच्यावर डाफरतात, ते भिंतीतून ऐकू येतं," तो हळूच म्हणाला. "लई हेवा वाटतो राव."

मी बाटली उचलून फोटोपुढं ठेवली आणि त्याला हाताला धरून आमच्याकडं जेवायला आणलं. बायकोनं गरम भाकरी आधी त्याला वाढली. मी गपचूप माझ्या भाकरीची वाट बघत बसलो.