सासऱ्यांसाठी योग्य मिश्रधातू

तपासनीसांच्या जेवणाच्या टेबलावर त्या आठवड्यात जेवण सोडून सगळं होतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या, पत्र्याचे तुकडे होते, करवत होती आणि या पसाऱ्यात डोकं धरून बसलेले स्वतः तपासनीस होते. कारखान्यात येणारा धातू तपासून पास की नापास ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. त्यामुळे सगळे त्यांना तपासनीस म्हणत. चिडली की बायकोसुद्धा म्हणे.

प्रश्न होता सासऱ्यांचा. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि आपल्या घरी एकटेच राहत होते. मुलीकडे यायला एकदाचे कसेबसे तयार झाले, तर दारापुढच्या तीन उंच पायऱ्या आडव्या आल्या. डॉक्टर म्हणत, गुडघा झकास आहे, आता पायऱ्या चढा. सासरे म्हणत, डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! खुर्चीसकट उचलून आत घेतो म्हटलं, तर फोनवरच कडाडले, "मी काय कपाट आहे? उचलाउचली करणार असाल, तर मी येतच नाही."

"मग मी रॅम्प करतो," तपासनीस म्हणाले.

बायकोचे डोळेच भरून आले. दोन घरं सांभाळता सांभाळता बिचारीच्या नाकी नऊ आले होते. "खरंच कराल ना हो? रविवारपर्यंत? आता नाही आले, तर बाबा पुन्हा तयार व्हायचे नाहीत."

"म्हणजे काय! मी बोललो म्हणजे झालंच."

आता दुसरा कुणी असता, तर दुकानात जाऊन एक जाड पत्रा घेऊन मोकळा झाला असता. पण तपासनीसांना धातू असा उगाच, कुळशील न विचारता घेता येत नव्हता. त्यातून सासऱ्यांचा टोमणा आतवर रुतलेला. "आमच्या जावयांना पंखा निवडायला दोन उन्हाळे लागले," असं ते येईल त्याला सांगत. या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदाच, ‘छान केलंत’ ऐकायचं, असं तपासनीसांच्या मनाने घेतलं होतं.

"हे बघ," ते बायकोला समजावू लागले, "हा सत्तर पंचाहत्तर. सगळ्यात ताकदवान. विमानाला वापरतात."

"मग हाच लावा की. विषय संपला."

"पण याला वेल्डिंग चालत नाही, तडे जातात. हा साठ एकसष्ट..."

"साठ की एकसष्ट?"

"अगं, नाव आहे ते! याला वेल्डिंग चालतं, पण जोडापाशी जरा मऊ पडतो. आणि कडेला दुमडायला गेलं तर चिरतो. हा पन्नास बावन्न. हवा तसा दुमडतो, जोडताही येतो, पण ताकद त्या दोघांपेक्षा कमी."

"अहो, बाबा पंचावन्न किलोचे आहेत. विमान नाही चढवायचंय आपल्याला."

शुक्रवारपर्यंत तपासनीसांनी तिन्हींची बाजू घेऊन तिन्हींच्या विरुद्ध वाद घातला. शेवटी ठरलं. वरचा पत्रा पन्नास बावन्नचा, कडा दुमडून. खालच्या आडव्या पट्ट्या साठ एकसष्टच्या. सत्तर पंचाहत्तर रद्द. पट्ट्या मात्र तिन्हींच्या कापून झाल्या होत्या, कारण ठरण्याआधीच कापल्या होत्या. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी प्रत्येक पट्टीच्या टोकाला रंग लावला. लाल, निळा, हिरवा. मग समाधानाने कामावर गेले.

संध्याकाळी परतले तर टेबल लख्ख. पट्ट्याही लख्ख. एकीला एक लावून नीट कोपऱ्यात रचलेल्या.

"रंग कुठे गेला?" तपासनीसांचा आवाज चिरकला.

"काढला," बायको कौतुकाची वाट बघत म्हणाली. "बाबांच्या हाताला लागला असता. साधा पुसून जाईना, मग नखांचा रंग काढायचं पाणी आणलं. अख्खी बाटली संपली, पण कशा चकचकीत दिसतायत बघा!"

तपासनीस मटकन खाली बसले. डोळ्यांना तिन्ही जातींच्या पट्ट्या सारख्या. वजनाला जवळपास सारख्या. कारखान्यातलं धातू ओळखायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं.

"आता गं काय करायचं?"

"मी काय सांगू? तुम्ही तपासनीस ना?"

मग त्यांना जुनी युक्ती आठवली. मोरीचा पाइप मोकळा करायची पावडर पाण्यात कालवून त्यांनी हातमोजे घालून प्रत्येक पट्टीवर थेंब टाकला. काही पट्ट्या काळ्या पडल्या. "हा सत्तर पंचाहत्तर! सापडला!" ते ओरडले. बाकीच्या दोन जातींनी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. वाकवून पाहिलं असतं तर फरक कळला असता, पण वाकवलेली पट्टी रॅम्पला काय कामाची? म्हणजे ओळख पटवायची तर पट्टी जाणार आणि पट्टी ठेवायची तर ओळख पटणार नाही.

शनिवारी वेल्डर आला. तपासनीसांनी त्याला सगळी कहाणी ऐकवली.

"साहेब, ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम," वेल्डर म्हणाला. "जोडू का जाऊ? मला दोन गेटं करायचीत."

"जोडा," बायको म्हणाली.

"थांबा," तपासनीस म्हणाले.

वेल्डरने दोघांकडे पाहिलं, घरात कुणाचं चालतं ते ओळखलं आणि जोडायला सुरुवात केली. दुपारी रॅम्प पायऱ्यांशेजारी तयार उभा होता, अगदी देखणा. तपासनीसांना मात्र रात्रभर झोप नाही. खूण नसलेला माल त्यांनी जन्मात कधी पास केला नव्हता, आणि आता त्याच मालावरून सासरे जाणार होते.

रविवारी सासऱ्यांची गाडी दारात लागली. बायकोने बाबांची काठी त्यांच्या हातात दिली आणि डिकीतून खुर्ची काढून उघडली. सासरे गाडीतूनच रॅम्प निरखू लागले. तपासनीस पुढे झाले आणि त्यांनी खुर्ची स्वतःकडे ओढली.

"बाबा, पाचच मिनिटं. भार-चाचणी करतो."

"कसली चाचणी?"

"रॅम्पची. दुप्पट वजन घालून बघायचं असतं. मी सत्तर किलोचा आहे. अजून चाळीस लागतील."

"अहो, काय हे!" बायको कळवळली. "बाबा उन्हात बसलेत!"

पण तपासनीस आता ऐकणाऱ्यातले राहिले नव्हते. त्यांनी घरातून तांदळाची वीस-वीस किलोची दोन पोती आणली. मजुरीचे पैसे न्यायला आलेल्या वेल्डरला पकडलं, खुर्चीत बसले आणि दोन्ही पोती मांडीवर घेतली. "ढकला," ते पोत्यांमागून म्हणाले.

वेल्डरने ढकललं. रॅम्प हूं की चूं करेना. दार हातभर उरलं तेव्हा तपासनीस ओरडले, "थांबा, इथे जोड आहे! इथे थोडा वेळ उभं राहू." त्यांनी ब्रेक ओढला. भाड्याच्या खुर्चीला इतक्या वजनाची सवय नव्हती. कट्‌ असा आवाज झाला आणि ब्रेक अडकला.

"ढकला!"

"ढकलतोय साहेब, हलत नाही."

"मग मागे घ्या!"

"मागेही येत नाही. आणि मी सोडलं तर तुम्ही उलटे व्हाल."

"सोडू नका!"

"सोडत नाही हो. पण पोती तरी टाका."

"हात अडकलेत खाली! अगं ए! ऐकतेस का?"

पोत्यांच्या वरून तपासनीसांना फक्त आकाश आणि दाराची चौकट दिसत होती. मग शेजारच्या पायऱ्यांवर काठी आपटल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा. मधूनच बायकोचा कापरा आवाज, "हळू बाबा... हां... आता दुसरा पाय..." आणि सासऱ्यांचा वैतागलेला, "सोड गं मला, जमतंय! या माणसाची तपासणी संपायची वाट बघत बसलो, तर गाडीतच म्हातारा होईन मी."

"बाबा!" बायको एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. "बाबा, चढलात तुम्ही! तिन्ही चढलात!"

आपण काय केलं, ते बहुधा सासऱ्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी मागे वळून तिन्ही पायऱ्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

मग दाराच्या चौकटीत त्यांचा चेहरा आला. काठी मुलीच्या हातात देऊन त्यांनी चौकट घट्ट धरली, वाकून एक पोतं ओढून बाजूला लोटलं आणि जावयासमोर हात केला.

"छान केलात हो रॅम्प," ते म्हणाले. "या आता. घाबरू नका, मी धरलंय."