लाल रिबनची गोणी

रिटायर झालेल्या माणसानं देवळात जावं, सकाळी बागेत चकरा माराव्यात, फार तर नातीला शाळेत सोडून यावं. बन्सीराव यातलं काहीच करत नव्हते. वाळूजच्या कंपनीतल्या टूलरूममधून ते रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी थेट वच्छलाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. एकेक वस्तू खाली काढायची, बोटानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकायचा आणि विचारायचं, "हे रोज लागतं का?"

रोज लागत नाही असं कळलं की ती वस्तू जिन्याखाली जायची. तिथून पुन्हा ती त्याच रूपात परत यायची नाही.

आठ दिवसांत शेवयाचं यंत्र गेलं, मोठी किसणी गेली, कपडे वाळत घालायची नळी गेली, गॅसच्या टाकीखालची चाकाची ट्रॉली गेली. नात ज्ञानेश्वरीची लहानपणची सायकल गेली तेव्हा ती शाळेत होती, म्हणून रडारड संध्याकाळवर गेली.

"आई, बाबांना छंद आहे, असू द्या की," सून प्रेरणा म्हणाली.

"छंद भजनाचा आसावा. माझ्या किसणीचा कामून?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं ह्यो माणूस सकाळच्या बसनं जायचा आन् दिवसभर घर माझं आसायचं. आता मी भाकरी थापते तर म्हणतो, थांब, जाडी मोजू दे."

वच्छलाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा असे. कोणाची रांगोळी वाकडी, कोणाचं लोणचं बुरसटणार, कोणाच्या हाताला गुण नाही, हे त्या न विचारता सांगत, आणि ते सहसा खरं निघे. अशा बाईच्या घरात नवरा वाट्या मोजत फिरतो, ही गोष्ट त्यांच्या नावाला शोभणारी नव्हती.

जिन्याखाली काय चाललंय ते तुळशीची लग्नं उरकल्यावर कळलं. बन्सीरावांच्या गावचे कडुबा आप्पा यांनी बायपासला लागून असलेल्या आपल्या शेतात 'शुभकाज लॉन्स' काढलं होतं. लग्नांनी तुडवून तुडवून तिथलं गवत ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं. बन्सीरावांनी एका लग्नात जेवता जेवता आप्पांना सांगितलं, की हातानं फेकलेलं खत कुठं मूठभर पडतं आणि कुठं चिमूटभर, म्हणून गवताची ही दशा. मशीन पाहिजे. मशीन मी बनवतो.

"आमच्या पोरीची, करुणाची हळद महिन्यावर आलीये," आप्पा म्हणाले. "आपल्याच लॉनवर हाय. तवर गवत एकसारखं हिरवं दिसलं तर वर्षभराचं काम तुमचं. नाय दिसलं, तर पुण्याची पार्टी मला रोज फोन करायलीये."

वर्षभराचं काम म्हणजे बन्सीराव वर्षभर दहा ते पाच घराबाहेर. हे ऐकलं आणि वच्छलाबाईंनी उरलेल्या लहान किसणीकडेही लक्ष देणं सोडलं.

मशिनी दोन होत्या. एक फवाऱ्याची: गॅसच्या ट्रॉलीवर फवारणीचा पंप आणि पुढं आडवी ती कपड्यांची नळी, तिला चार तोट्या. दुसरी खत फेकायची: सायकलीची दोन चाकं, वर पत्र्याचा डबा, डब्याच्या बुडाला किसणी, मधे शेवयाच्या यंत्राचे दाते आणि खाली गोल फिरणारं ताट. चाक फिरलं की ताट फिरे आणि किसणीतून पडलेलं खत दोन्ही बाजूंना उडे. ताट वच्छलाबाईंच्या लग्नातलं होतं. त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळं मशीन चाललं की बन्सीरावांचे सासरे गरागरा फिरायचे.

चाचणी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर झाली. बन्सीरावांनी घरातल्या चोवीस वाट्या रांगेनं मांडल्या, त्यांच्यावरून मशीन फिरवलं आणि प्रत्येक वाटीत किती खत पडलं ते तोलून वहीत लिहिलं. त्याच वेळी घरी पाहुणे आले, आणि त्यांना खीर चहाच्या कपातून प्यावी लागली.

"सगळ्या वाट्यांत सारखं पडलं बघ," बन्सीराव खुशीत म्हणाले. "कसं हाय मशीन?"

"पाहू," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा राग वाट्यांचा नव्हता. मशीनवरचा डबा त्यांच्या धन्यांचा होता.

हे धने साधे नव्हते. ते फुलंब्रीकडच्या माहेरचे, गावरान, पेरायचे धने होते. दरवर्षी भाऊ पाच किलो द्यायचा. वच्छलाबाई ते रगडून दुफाके, म्हणजे एका धन्याच्या दोन फाका करायच्या, किडा लागू नये म्हणून चुलीची राख चोळायच्या, आणि गल्लीतल्या बायकांना मुठीनं वाटायच्या. आता बन्सीरावांनी डबा नेला आणि धने परातीत उघडे पडले.

खताच्या दोन गोण्या जिन्याखाली होत्या. चाचणी होऊन पहिलीत चार-पाच किलोच उरलं होतं. एवढ्याशा खतानं गोणी कशाला अडवायची, म्हणून वच्छलाबाईंनी ते दुसऱ्या गोणीत ओतलं, पहिली गोणी धुऊन वाळवली, धने तिच्यात भरले आणि ओळखू यावी म्हणून ज्ञानेश्वरीची लाल रिबन तिच्या तोंडाला बांधली. त्यांना अक्षर कमी, पण रंग पक्का.

दुसऱ्या दिवशी बन्सीराव रिक्षात मशीन घालून लॉनवर गेले. गवताला आधी खिळ्यांच्या रोलरनं भोकं पाडली, खत टाकलं, वरून चाळलेली माती पसरली, आणि रोज फवाऱ्यानं पाणी सुरू केलं.

त्याच आठवड्यात वच्छलाबाईंनी जिन्याखालच्या अंधारात लाल रिबन चाचपली आणि पाच बायकांना मूठमूठ धने वाटले. एक मूठ स्वतःच्या कुंडीत टाकली.

दहा दिवस झाले, बारा झाले. कोणाकडंही काही उगवलं नाही.

"पाणी जास्त घातलं आसंल," वच्छलाबाई शेजारच्या सुरेखाला म्हणाल्या.

"रोज वाटीभरच घालते, काकू."

"मंग कमी घातलं. काही काही बायकांच्या हाताला गुणच नसतो. तुझ्या सासूचंबी आसंच होतं."

सुरेखा आपल्या कुंडीकडं वळली. तिच्या धन्यांच्या कुंडीत शुकशुकाट होता. पण त्याच कुंडीच्या कडेला असलेला गुलाब मात्र खिडकीच्या गजांतून घरात शिरला होता. वच्छलाबाईंच्या स्वतःच्या कुंडीतही तीच कथा होती. ती कुंडी त्यांनी गच्चीवर, टाकीच्या मागं नेऊन ठेवली.

लॉनच्या कामाच्या विसाव्या दिवशी बन्सीराव मशीन घेऊनच घरी आले. जेवायला बसले, पण भाकरीची जाडी पाहिली नाही. जेवण झाल्यावर त्यांनी जिन्याखालून नट खोलायचे पाने आणले, मशीन उकललं, ताट घासून फडताळात ठेवलं आणि किसणी पुसून तिच्या खिळ्याला अडकवली.

वच्छलाबाई किसणीकडं बघत राहिल्या. ज्या किसणीसाठी त्यांनी एवढं तोंड चालवलं होतं, ती परत आल्यावर त्यांना जेवण जाईना.

"काय झालं वं?"

"काय नाय. लॉनभर तण आलं. आप्पा म्हणले, मशीननं कचरा फेकला. उद्या तणनाशक मारतो आन् सोडतो काम."

"किती तण?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हंजे?"

"म्हंजे सगळीकडं, वच्छला. एक जागा सोडली नाय."

दुसऱ्या दिवशी फवाऱ्याची मशीन रिक्षात चढली तेव्हा तिच्या शेजारी वच्छलाबाईही बसल्या. आपल्या नवऱ्याला कोण काय बोलतं, हे त्यांना समोर बघायचं होतं. त्याला बोलायचा हक्क घरात एकाच माणसाला होता.

कडुबा आप्पा लॉनच्या कडेला फरशीवर उभे होते. पूर्वी ते पाण्यात-चिखलात वावरलेले शेतकरी, पण लॉन्स काढल्यापासून पांढऱ्या बुटांत असत आणि गवतात उतरत नसत.

"बघा वहिनी," ते म्हणाले. "आठ दिवसांवर हळद. फोटोवाला म्हणतो, हे काय मागं वावर हाय का."

बन्सीरावांनी खाली मान घालून पंपात औषध ओतलं.

वच्छलाबाई चप्पल काढून आत उतरल्या. गवताच्या वर बोटभर उंचीचं, कातरलेल्या पानांचं कोवळं हिरवं सगळीकडं डोलत होतं. त्यांनी एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. मग तिथंच खाली बसल्या. करोनात बन्सीरावांचं नाक गेलं ते परत आलं नव्हतं, आणि कोथिंबीर त्यांना जुडीत ओळखू यायची, जमिनीत नाही.

"आवं, हिकडं या. खत कोणत्या गोणीतलं आणलं?"

"पहिलीतलं. चार-पाच किलो उरलं होतं ना, तेच. लाल रिबनची."

"हाताला राख नाय लागली?"

"लागली. मला वाटलं कंपनीनं भेसळ केली."

"आन् रिबन?"

"निघताना दुसऱ्या गोणीला बांधली. चांगली रिबन फेकायची कशाला?"

वच्छलाबाईंच्या डोळ्यांपुढं पाच कुंड्या आल्या. मग खिडकीतून आत शिरलेला गुलाब आला. मग सुरेखाची सासू आली, जी वारून चार वर्षं झाली होती आणि जिला त्यांनी विनाकारण मधे ओढलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. बन्सीराव फवारणी करणार, तण म्हणून सगळं जळणार, दोष मशीनचा ठरणार. गल्लीत कोणाला काही कळणार नव्हतं. फक्त बन्सीराव दहा ते पाच घरात बसणार होते, आणि आता ते टिचकीही मारणार नव्हते.

बन्सीराव पंप ढकलत आले. वच्छलाबाईंनी नळीवर पाय दिला.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "हे तण नाय. माझा माहेरचा धना हाय. ह्यांनी माझा डबा पळवला म्हणून गोणीत भरला होता. बूट काढा आन् आत या."

"कशाला?"

"मोजायला. तुम्ही आयुष्यभर पेरणी केली. सांगा, ह्या दोन रोपांत किती अंतर हाय, आन् त्या दोन रोपांत किती. मंग मशीनला नावं ठेवा."

आप्पांनी नाइलाजानं बूट काढले. उकिडवे बसले, चार बोटं लावली. पुढं सरकले, पुन्हा लावली. पांढरी पॅंट गुडघ्यावर हिरवी झाली तरी त्यांना कळलं नाही. पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी तिथंही बोटं लावली.

"पाभरीनं पेरलं तर इतकं सारखं येत नाय," ते म्हणाले. "पण हळदीचं काय?"

"उपटू."

"एवढं? कोण?"

याचं उत्तर वच्छलाबाईंना ठाऊक होतं आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं.

दुपारी त्या सुरेखाच्या दारात उभ्या राहिल्या.

"सुरेखा, तुझ्या हाताला गुण हाय."

सुरेखा घाबरली. काकूंनी असं कधी कोणाला म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. "काय झालं, काकू?"

"मी तुला धने दिले ना, ते धने नव्हते. खत होतं, तसंच दाणेदार, राखेच्या रंगाचं."

सुरेखानं गुलाबाकडं पाहिलं. गुलाब तोवर देवघरापर्यंत गेला होता.

"आन् तुम्ही पंधरा दिवस मला म्हणायल्या..."

"म्हणत होते. आता नाय म्हणत. तुझी सासूबी चांगली होती. विळा नको घेऊ, हातानंच उपटायचंय. रिक्षा उभी हाय."

पाचही घरी हेच सांगावं लागलं. पाचव्या घरी जाईपर्यंत बातमी पुढं पोहोचली होती, आणि तिथली बाई पाण्याची बाटली घेऊन तयारच बसली होती.

दोन दिवस बायका रांग धरून लॉनवर बसल्या. कोथिंबीर निघत गेली, तिच्या मुळांनी माती मोकळी होत गेली. राहून राहून कोणी तरी विचारी, "काकू, चहात साखर घातली का खत?" वच्छलाबाई आपली ओळ उपटत राहिल्या. असं बोलणं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकून घेतलं. पाच जणींनी ओट्या भरून कोथिंबीर घरी नेली, उरलेली आचाऱ्यानं हळदीच्या दिवशी वड्यांना घातली. मग बन्सीरावांनी मशीन पुन्हा जोडून दुसऱ्या गोणीतलं, स्वतः चाखून पाहता आलं असतं तर तेही केलं असतं इतकं तपासून, खरं खत टाकलं. हळदीच्या दिवशी गवत जागेवर होतं. वऱ्हाडातल्या बायका मात्र पाऊल टाकताना थांबून इकडं-तिकडं हुंगत होत्या.

आप्पांनी वर्षाचं काम दिलं.

सोमवारी सकाळी दहाला बन्सीराव जेवणाचा डबा घेऊन निघाले. दाराशी थांबले. ओट्यावर वच्छलाबाईंचा नवा, झाकणाचा पत्र्याचा डबा होता. बन्सीरावांचं बोट नकळत पुढं गेलं आणि टिचकी वाजली.

"रोज लागतो," वच्छलाबाई न वळता म्हणाल्या.

बन्सीरावांनी हात मागं घेतला. चपला घातल्या, पण गेले नाहीत.

"तू एकदाबी सांगितलं नाय. मशीन कसं हाय?"

वच्छलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या आणि मगच वळल्या.

"मशीन सरळ हाय. एक दाणा हिकडं नाय, एक दाणा तिकडं नाय. पस्तीस वर्षांत तुमच्या हातून पहिल्यांदा येवढं सरळ काम झालं, आन् तेबी धने माझे होते म्हणून दिसलं. जा आता, घर माझं हाय."