सासऱ्यांच्या बंबाचा लाल

रंग ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! म्हणूनच सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी मी त्यांच्या आगीच्या बंबाचं छोटं मॉडेल करायला घेतलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निवृत्त होईपर्यंत तोच बंब चालवला. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी माझ्या एकाही कामाला ‘छान’ म्हटलेलं नाही. मी खिळा ठोकला तर म्हणतात, "वाकडा आहे." सरळ ठोकला तर म्हणतात, "आता भिंत वाकडी दिसतेय!" या वेळी त्यांच्या तोंडून ‘छान’ काढायचंच, असा मी चंगच बांधला होता.

सुटे भाग चिकटवून झाले. राहिला फक्त रंग. दुकानात जाऊन म्हटलं, "ॲक्रिलिकचा लाल द्या."

"कुठला लाल?"

"लाल म्हणजे लाल!"

"चकचकीत की मॅट? गडद की केशरीकडे झुकणारा?" असं म्हणत दुकानदारानं कपाटच उघडलं. आत वरपासून खालपर्यंत नुसता लाल! माझं डोकंच सटकलं. हाताला लागल्या त्या तीन बाटल्या उचलल्या आणि तरातरा घरी आलो.

मॉडेल खराब नको म्हणून आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर रंग लावून बघितला. बायको म्हणाली, "हा टोमॅटो. हा गाजर. आणि हा... अहो, माझे चमचे!"

मेहुणा म्हणाला, "भावजी, वाळू द्या. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो."

वाळू दिला. तिन्ही चमचे विटेसारखे झाले!

"बाबांनाच विचारा ना एकदा," बायको म्हणाली.

"मग गुपित काय राहिलं? डोकं ठिकाणावर आहे का?" मी इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी बेल वाजवली.

तिरीमिरीत मॉडेल पिशवीत कोंबलं, ब्लेड खिशात टाकलं आणि थेट अग्निशमन केंद्र गाठलं. बाबांचा बंब दारातच उभा होता. नखाएवढा रंग खरवडून न्यायचा आणि त्या दुकानदाराच्या तोंडावर मारायचा! पण रागाच्या भरात जरा जास्तच जोर लावला. ब्लेड सटकलं आणि बंबाच्या दरवाजावर हातभर ओरखडा उठला.

"काय चाललंय?" मागे केंद्राचे साहेब!

"रंग बघतोय."

"ब्लेडनं? पोलिसांना बोलावू?"

घाबरून मी कुणाचा जावई ते सांगून बसलो. तिथेच घात झाला! साहेबांनी फोन लावला आणि बाबा धापा टाकत हजर झाले.

"जावईबापू! माझ्या बंबाला ब्लेड?"

"तुमच्यासाठीच मरतोय इथे!" मी पिशवीतलं मॉडेल काढून त्यांच्या हातात आदळलं. "एक लाल मिळवायला जीव गेला माझा!"

बाबांनी मॉडेल बंबाच्या दाराशी धरलं. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग भरल्या आवाजात म्हणाले, "अगदी हाच लाल. छान! कसा जमवलात हो?"

छान! माझी छाती टम्म फुगली. "तीन बाटल्या मिसळल्या, बाबा. पारखी नजर लागते त्याला!"

"मग मिटलंच की!" साहेब म्हणाले. "तोच रंग आणा आणि हा ओरखडा आत्ताच्या आत्ता भरून द्या."

"चला, मीही येतो," बाबा म्हणाले. "कसा मिसळता ते बघायचंय."

आता कुठल्या तोंडानं सांगू? मॉडेलला मी अजून ब्रशसुद्धा लावला नव्हता. तो लाल सुट्या भागांच्या प्लॅस्टिकचा मूळचाच होता!