गोळ्यांचा वाटा

जनामावशी शांपूचेही वाटे घालायची. खोटं नाही सांगत. मुलाने उरणहून शांपूची मोठी बाटली पाठवली, तर ही बाई ती घेऊन गल्लीत दारोदार फिरली. "वाटी आन गो, वाटी!"

मासळीचे वाटे घालणं हा तर तिचा धंदाच. थळच्या आमच्या घराला लागून तिचं घर. सकाळी पाटी घेऊन बाजारात जायची, मांदेलीचे नि कोलंबीचे ढीग लावून बसायची. पण घरी आल्यावरही हात थांबेल तर शपथ. फणस असो, कुणाच्या साखरपुड्याचे पेढे असोत, आलं की वाटे पडलेच. वर ठरलेलं वाक्य, "एकटीनं खाल्लेला अंगाला लागत न्हाय, बाय." आता पनवेलला राहते मी. मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद. अशा वेळी मावशीची फार आठवण येते. तेव्हा मात्र मी तिच्यावर सारखी खेकसायची.

खेकसण्यासारखंच वागायची ती! बाजारात दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. "पानी प्याला का उठाला लागतं. उठला का मांजर येतं नि गिऱ्हाईक जातं." बायकांना जायला तिथे धड जागा नव्हती, हे तिचं खरंच होतं. पण शरीर थोडंच ऐकून घेतं? दर उन्हाळ्यात तिला उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, आणि तोंडाने सगळ्या गावाचा उद्धार.

शेवटी मीच तिला अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, आधी कुठल्या औषधाने अंगावर उठलं होतं का, शुगर आहे का, सगळं विचारलं. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी मी सांगितल्या तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. जेवून घ्यायच्या. पाणी भरपूर प्यायचं." मावशीने मान डोलावली. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती अशीच मान डोलवायची.

दोन दिवसांत जळजळ थांबली. आणि बाईसाहेबांनी काय करावं? मासळी कापायच्या कोयत्याने गोळ्यांची पट्टी मधोमध कापली आणि अर्धी नसीमाभाभीला देऊन आली!

नसीमाभाभी समोरच्या घरात शिलाईचं काम करायची. नवरा कुवेतला. तिलाही तोच त्रास होता, पण डॉक्टरकडे जायला लाज. मावशीकडे मात्र बोलली होती. मग मावशीला राहवतंय होय!

"अगं, औषध आहे ते! त्याचे कसले वाटे घालतेस?" मी ओरडले.

"मना बरा वाटला ना? पोट भरल्यावर कोन जेवतं गो? तिची जलजल तीच, माजी जलजल तीच. मंग गोली येगली कशाला?"

मी भाभीकडे धावले. तिने एक गोळी घेतली होती.

संध्याकाळी भाभीचे ओठ सुजले. अंगभर लाल गांधी उठल्या, श्वास लागला. रिक्षात घालून तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारतात कुठली गोळी, आणि भाभीकडच्या तुकड्यावर नावच नाही. नाव उरलं मावशीकडच्या अर्ध्यावर! मी फोन केला. मावशीला इंग्रजी वाचता येईना, तिने शेजारच्या कॉलेजच्या पोरीला ओढत आणून वाचून घेतलं. इंजेक्शनं झाली, भाभीचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मग कळलं, पूर्वीही असल्याच एका गोळीने तिच्या अंगावर उठलं होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण विचारणार कोण? मावशी?

त्यानंतर दोन-चार दिवसांत मावशीच थंडी वाजून तापाने फणफणली. कंबर धरून बसली. अर्धवट सोडलेलं दुखणं वर मूत्रपिंडापर्यंत चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी लघवी लॅबला पाठवली, दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि चांगलं झापलं. "आता गोळ्या सोडल्यात तर जिवावर बेतेल, आजी."

घरी आल्यावर मावशीने गोळ्या फडताळात टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

"मी त्या पोरीला मारली असती," म्हणाली. "मना नको औषद."

मी समजावलं, दरडावलं, मुलाला फोन लावून दिला. ती ढिम्म हलेना. ताप उतरेना. मला तर रडूच फुटलं. अखेर मी भाभीला जाऊन सांगितलं.

भाभीच्या पापण्या अजून सुजलेल्या होत्या. तशीच उठली, तांदळाची भाकरी घेऊन आली आणि मावशीच्या उशाशी बसली. "जनाबाय, ऊठ. चार घास खा. मग गोळी. अख्खी तुझी. मला देशील तर बघ!"

मावशी उठली. भाभीचा चेहरा चाचपून पाहिला आणि हुंदके देऊन रडली. मग खाल्लं, गोळी घेतली.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ भाभी यायची. गोळी गिळली की "तोंड उघड, आ कर" म्हणायची. मावशी शिव्या घालत आ करायची. मग दोघी पाण्याचा तांब्या मध्ये ठेवून गप्पा मारायच्या. कुवेतचा उकाडा, उरणच्या सुनेचा स्वयंपाक, एकीचा नवरा, दुसरीचा मुलगा, दोघांचेही न आलेले फोन. इतकं हसताना मी मावशीला कधी ऐकलं नव्हतं.

गोळ्या संपल्या. पुन्हा तपासणी झाली, सगळं साफ निघालं. भाभीकडे ईदची शिलाई येऊन पडली होती, तिची मशीन दिवसभर खडखडत राहिली, ती काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मावशी बाजारात न जाता उंबऱ्यावर बसलेली. म्हटलं, झालं, पुन्हा काहीतरी सुरू झालं.

"काय गं, जळजळ होतेय?"

"न्हाय गो. बरी हाय मी."

तिने समोर भाभीच्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाय, डाक्टरणीला इचारशील? आजून थोड्या गोल्या देता याच्या न्हाईत का?"

घरात माझा कुकर शिट्ट्या मारत होता. मारू दे म्हटलं, आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.