बाबा हलले की नाही

खोलीत माणसं चार होती: आई, बाबा, धाकटा भाऊ आणि ताई. बसायच्या जागा आठ: चार खिडकीकडे, चार दाराकडे. छताला प्रयोगशाळेतून आणलेला एक कॅमेरा लावलेला होता. त्याला चेहरे दिसत नसत, फक्त अंगाची ऊब दिसायची.

ताईचं संशोधन होतं क्वांटम अवस्थांमधल्या अंतरावर. पहिल्या सादरीकरणात समितीतल्या कुणाला ओ की ठो कळलं नव्हतं. "सोपं उदाहरण आणा, नाहीतर शिष्यवृत्ती इथेच थांबते," असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. समिती उद्या सकाळी बसणार होती.

"कणांना 'तू कोण' असं विचारता येत नाही," ताई सांगत होती. "कुठे किती आहे, एवढंच कळतं. पण एकूण बदलत नाही. आपण चार, तर चारच. आता सगळे खिडकीकडून दाराकडे गेलो, की चार जागा रिकाम्या झाल्या, चार भरल्या. दोन चित्रांमधलं अंतर आठ. त्याहून जास्त होऊच शकत नाही."

"आणि एखादा बसूनच राहिला तर?" भावानं विचारलं.

"सहा."

"मग बाबा असताना सहाच धर."

बाबा निवृत्त लिफ्टमन. तीस वर्षं दिवसभर वर-खाली केलं, पण स्टुलावरून उठले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी तेच स्टूल मागून आणलं, ते आता खिडकीशी होतं.

खिडकीकडचं चित्र काढून झालं. आईनं बाबांना दंडाला धरून उठवलं आणि चौघं दाराकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. ताईनं बटण दाबलं.

एकूण: चार. अंतर: सहा.

"कोण हललं नाही?"

"मी ही काय इथे, तुझ्या शेजारी," आई म्हणाली.

ताईनं लॅपटॉपवर चित्र उघडलं. दाराकडे तीनच उजळ ठिपके होते. चौथा खिडकीशी होता, स्टुलावर. बाबांची खुर्ची काळी दिसत होती.

तिघांनी बाबांकडे पाहिलं.

"असं काय बघताय? चहा टाका कुणीतरी."

आईनं त्यांचा हात चाचपला. "अहो, केवढे गार पडलात!"

"पंख्याखाली बसवलंस, मग काय तापू?"

ताईचा जीव भांड्यात पडला. कारण सरळ होतं. बाबा सकाळपासून बसल्यानं स्टूल तापलं होतं, आणि इकडे ते चादर गुंडाळून बसले होते. चादर काढली, पंखा बंद केला. भावानं ओल्या फडक्यानं स्टूल पुसून गार केलं. दुसरं चित्र पुन्हा काढलं.

एकूण: चार. अंतर: सहा.

भाऊ उठून स्टुलाला हात लावून आला. "गारच आहे, ताई." चित्रात ते लखलखत होतं.

"मघापासून सांगतोय," बाबा कुरकुरले, "मला इथे आल्यासारखं वाटतच नाहीये."

यावर कुणी हसलं नाही.

"बसू दे त्यांना त्यांच्या जागेवर," आई हळूच म्हणाली. "आपण तिघं इथे राहू. उद्या सहाच सांग."

"आई, कमाल अंतर दाखवते असं लिहून दिलंय मी. आठ आले नाहीत तर घरीच बसावं लागेल मला."

"बाप मोठा की आठ?"

बाबा तोवर उठलेच होते. ते स्टुलावर जाऊन बसले, पाठ ताठ केली आणि उजवा अंगठा भिंतीजवळ नेला.

"कितवा मजला?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"आठवा," भाऊ म्हणाला.

बाबांनी अंगठा भिंतीवर दाबला. ताईनं बटण दाबलं.

चित्रात दाराकडच्या चारही जागा उजळल्या होत्या. बाबा बसले होते ते खिडकीजवळचं स्टूल मात्र काळं होतं.

एकूण: चार. अंतर: आठ.