तातेराव पाटलांनी टट्टू सजवलं

हट्ट्याच्या तातेराव पाटलांनी त्या दिवशी चावडीत तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड पाटलांचं, ते बंद कसं राहणार?

निजामाच्या अमलातली गोष्ट. हरणांच्या कळपांनी नदीकाठचा हरभरा पार खुडून खाल्ला होता, म्हणून हिंगोलीहून तालुकदारसाहेब सोमवारी शिकारीला यायचे होते. साहेबांबरोबर घोड्यावरून कोण कोण येणार, त्यांची नावं लिहून घ्यायला शिपाई आला. गेली तीन वर्षं अशा वेळी तातेराव रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहत आणि शेजारच्या गावचे रतनसिंग घोड्यावरून त्यांच्या तोंडावर धूळ उडवत साहेबांमागं जात. ती धूळ आठवली आणि पाटील बोलून गेले, "माझं बी नाव लिवा. मी माझ्या टट्टूवर येतो."

चावडीत दोघातिघांना एकदम खोकला आला. कारण टट्टू म्हणजे चंद्री. एरवी ती मिरच्यांची पोती वाहायची आणि बाजारच्या दिवशी पाटलांना वाहायची. (दोन्हींत तिला मिरच्या हलक्या जात.) अंगावर थंडीचे केस वाढलेले, आयाळीत कुसळं, शेपटी चिखलानं जड झालेली.

पाटलांनी हैदरमियाँना गाठलं. हिंगोलीच्या छावणीत घोडदळाचा रिसाला होता तेव्हा मियाँ तिथं घोड्यांची निगा राखणारे साईस होते. आता दाढी पांढरी झाली होती, पण घोडं दिसलं की हात आपोआप शिवशिवायचे. त्यांनी चंद्रीभोवती एक फेरी मारली आणि उसासा टाकला.

"पाटील, नीट ऐका. आधी खरारा करा, मग गवताच्या बोळ्यानं अंग रगडा, चकाकेपर्यंत. तेल फक्त खुरांना. अंगाला थेंब बी न्हाई. खोगिराखाली खरखरीत घोंगडी. आन पोट फुगवून उभी राहते ती, म्हून खोगिराचा पट्टा, तंग, दोनदा आवळायचा. बराबर?"

"बराबर," पाटील म्हणाले. (पाटील ऐकत होते खरे, पण मनात ते रतनसिंगांच्या तोंडावर धूळ उडवत होते.)

रविवारी सकाळी पाटलीण शालूबाई न्हायला बसल्या तर शिकेकाई नाही. फणी नाही. करडीच्या तेलाची बुधली नाही. बाहेर येऊन पाहतात तो पाटील चंद्रीची शेपटी शिकेकाईनं धूत होते आणि फणी चंद्रीच्या आयाळीत अडकली होती.

"काहून वो, माझी फणी?"

"साहेब येऊन राहिले, शालू. जरा तकलीफ सोस."

"लगीन होऊन अठरा वर्सं झाली. माझ्या डोक्यात कवा फूल खोवलं न्हाई, आन घोडीची वेणी घालून राहिले!"

"घालून राहिलो, पर जमंना," पाटील केविलवाणे होऊन म्हणाले.

आयाळीची वेणी कसली, गुंता झाला होता. बाईंना ते बघवेना. त्यांनी पदर खोचला, पाटलांना बाजूला सारलं आणि उभ्या उभ्या अकरा वेण्या घातल्या. एकेक अशी घट्ट की चंद्रीच्या भुवया वर गेल्या. वर लाल गोंडे बांधले. चंद्री एकदम कुणाच्या तरी वरातीतली दिसायला लागली.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण सोमवारी सकाळी पाटलांना वाटलं, चकाकी कमी आहे. बोळ्यानं रगडून हात दुखले होते. बुधलीत तेल होतंच. त्यांनी ते खुरांपासून थेट पाठीपर्यंत चोपडलं. घोंगडी पाहून त्यांना वाटलं, ही तर मेंढक्याची. त्यांनी लग्नातला रेशमी शेला काढून खोगिराखाली घातला. तंग एकदाच आवळला आणि शेवटी चंद्रीच्या कानांमागं अत्तर लावलं.

वाटेत हैदरमियाँ भेटले. त्यांनी नाक वर केलं. "पाटील, शिकारीला निघाले का निकाहाला? या वासानं हरीण तिकडं नांदेडात पळंल!"

नदीकाठी साहेब आले ते लंगडणाऱ्या घोड्यावर. खुरात काटा गेला होता. साहेब खाली उतरले, इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर चंद्रीवर थांबली. ती उन्हात नव्या परातीसारखी चमकत होती.

"वाह! किसका टट्टू है?"

पाटलांची छाती फुगली. रतनसिंगांकडं पाहत ते म्हणाले, "हुजूर, अपनाच!"

"बहोत खूब. हम इसपे बैठेंगे. आप हांके में जाइए."

असे पाटील रेशमी फेट्यानिशी रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांत गेले. हातात फुटका डबा आला. तो बडवत ते बाभळीतून चालू लागले. साहेबांनी आपलं टट्टू पसंत केलं याचा आनंद मानावा की रडावं, हे त्यांना ठरवता येईना.

कळप निघाला. साहेबांनी चंद्रीवरूनच बार काढला. हरणाला काही झालं नाही, पण मिरच्यांच्या पोत्यांनी आयुष्यात कधी असा आवाज केला नव्हता. चंद्री उधळली. तेलावर रेशीम, रेशमावर खोगीर, खोगिरावर साहेब, अशी सगळी रास हळूहळू डाव्या बाजूला सरकू लागली.

"पाटील!" मागोमाग आलेले हैदरमियाँ ओरडले. "घोंगडी कुठं हाय?"

पाटील उत्तर द्यायला थांबले नाहीत. साहेबांचं हाड मोडलं तर पाटीलकी गेली, आणि वर हिंगोलीची कोठडी. ते डबा वाजवतच पळत सुटले (टाकून द्यायचं सुचलं नाही), आणि मागून डबा वाजतोय म्हणून चंद्री आणखी जोरात पळाली.

दोन कोस पळून पाटील घरी पोचले तेव्हा फेटा बाभळीवर राहिला होता, धोतर गुडघ्यापर्यंत फाटलं होतं आणि धाप लागली होती. अंगणात चंद्री कडबा खात होती. खोगीर पोटाखाली लोंबत होतं. ओसरीवर बाजेवर साहेब बसले होते. जिवंत! समोर ज्वारीची गरम भाकरी, ठेचा आणि दही.

"हुजूर," पाटील कसेबसे म्हणाले, "माफी..."

साहेबांनी हात वर केला. तोंडात घास होता.

"इन चोटियों ने हमारी जान बचाई," घास संपल्यावर ते म्हणाले. "दोनों हाथों से पकड़के आए हम. एक भी नहीं खुली. किसने बांधी?"

दाराआडून बांगड्या वाजल्या. "आमी," शालूबाई म्हणाल्या. "आन तेल यांनी लावलं."

साहेबांनी आपल्या तेलकट विजारीकडं पाहिलं, मग पाटलांकडं पाहिलं. पाटलांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण साहेब ठेच्यानं वाहणारं नाक पुसत मोठ्यानं हसले, आणखी एक भाकरी मागितली, आणि निघताना पाटलांचं नाव स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतलं.

आठ दिवसांनी हिंगोलीहून हुकूम आला. उर्दूत, खाली मोठा शिक्का. पाटलांना उर्दू येत नव्हती, पण शिक्का कळत होता. ते कागद घेऊन सकाळभर गावात फिरले. चावडीत दाखवला, पारावर दाखवला, मुद्दाम रतनसिंगांच्या गावी जाऊन तिथंही दाखवला. "पुढल्या शिकारीला साहेबांनी माझं नाव पयलं टाकलं," असं सांगत राहिले.

दुपारी हैदरमियाँ भेटले. पाटलांनी पाचपन्नास माणसांदेखत कागद त्यांच्या हाती दिला. "वाचा, मियाँ. मोठ्यानं वाचा."

मियाँनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"नाव पयलंच हाय, पाटील," ते हळूच म्हणाले. "लिवलंय, टट्टू साहेबाच्या सवारीला. न्याहारी पाटलीणबाईच्या हातची. आन हाकाऱ्यांत पयला, तातेराव. डबा सरकारातून मिळंल."